बारावीनंतर थेट जर्मनी : नुसते टक्के पुरतात का?

कृष्णाकाठ:
नमस्कार मंडळी. आम्ही सांगलीचे. मुलगी बारावी सायन्सला आहे, स्टेट बोर्ड, कॉम्प्युटर सायन्सचा बायफोकल (व्यावसायिक विषय) घेतलेला. तिला मेकॅट्रॉनिक्स (मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सचा मेळ) करायचंय आणि तेही जर्मनीतच. हे खूळ दहावीपासूनचं, अजून उतरलेलं नाही. अभ्यासात बरी आहे, ७५ ते ८० टक्क्यांत बसेल असं सर म्हणतात. जर्मनची ए१, म्हणजे पहिली पायरी, ऑनलाइन क्लासातून झालीय.

मागच्या रविवारी इथल्या एका हॉटेलात एका कन्सल्टन्सीचा सेमिनार होता. "७५च्या वर असाल तर ॲडमिशन पक्की, फी शून्य, भाषा काय तिकडं गेल्यावर येतेच" असं सांगितलं. आणि त्याच दिवशी पैसे भरले तर फीत सूट! मिस्टरांना पटलंय. माझं मन घेत नाहीये. इथं कुणी बारावीनंतर गेलेलं आहे का? नेमकं काय लागतं?

बेरकी:
"त्याच दिवशी भरले तर सूट" हे वाक्य ऐकलं की तिथला चहा संपवून घरी यायचं.

हॅनोवरकर:
ताई, मी इथे श्टुडिएनकोलेग करूनच इंजिनिअरिंगला लागलो, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट म्हणजे जर्मन सरकारी विद्यापीठांच्या हिशेबात आपली बारावी त्यांच्या आबिटूरच्या (तिथली शाळेच्या शेवटची परीक्षा) बरोबरीची नाही. त्यांचं शालेय शिक्षण बहुतेक राज्यांत तेरा वर्षांचं, काही ठिकाणी बारा, आणि शेवटच्या दोन वर्षांचा दर्जा ते वेगळा मानतात. म्हणून ७५ असोत की ९५, नुसत्या स्टेट बोर्डाच्या किंवा सीबीएसईच्या बारावीवर थेट पहिल्या सेमिस्टरला बसता येत नाही. जायला वाटा तीन.

एक, श्टुडिएनकोलेग. दोन सेमिस्टरचा पूर्वतयारी अभ्यासक्रम, शेवटी फेस्टश्टेलुंग्सप्रूफुंग नावाची परीक्षा. ती पास झालात की त्या शाखेतल्या पदवीला अर्ज करता येतो. तुमच्या मुलीसाठी टी-कुर्स, म्हणजे टेक्निकल. मेडिकल-बायोलॉजीवाल्यांना एम, कॉमर्स-इकॉनॉमिक्सला डब्ल्यू (इकडे 'वे' म्हणतात), मग मानव्यविद्यांना जी आणि भाषांना एस.

दोन, भारतातल्या मान्यताप्राप्त विद्यापीठात पदवीचं पहिलं वर्ष पूर्ण पास. मग त्याच किंवा जवळच्या विषयाला थेट अर्ज. मेकॅनिकलचं एफई (इंजिनिअरिंगचं पहिलं वर्ष) करून तुम्ही इतिहासाला जाऊ शकत नाही, एवढंच.

तीन, जेईई ॲडव्हान्स्ड पात्र. टेक्निकल आणि विज्ञान विषयांना थेट दार उघडतं. जेईई मेन नाही, ॲडव्हान्स्ड. मेनमधल्या वरच्या अडीच लाखांनाच ॲडव्हान्स्डला बसता येतं, त्यामुळे ही वाट कुणाची हे वेगळं सांगायला नको.

यांतली कुठलीही वाट धरा, एपीएसचं प्रमाणपत्र लागतंच. १ नोव्हेंबर २०२२ पासून भारतीय विद्यार्थ्यांना स्टुडंट व्हिसासाठी ते सक्तीचं आहे. एपीएसचं दिल्लीतलं कार्यालय आपली शैक्षणिक कागदपत्रं तपासतं, फी १८,००० रुपये. बहुतेक विद्यापीठं अर्जाच्या वेळीच ते मागतात.

आणि "भाषा तिकडं गेल्यावर येते" हे धादांत खोटं. श्टुडिएनकोलेगच्या प्रवेश परीक्षेलाच बी१, बऱ्याच ठिकाणी आता बी२ (ए१, ए२च्या वरच्या पायऱ्या) मागतात. ए१वर इथे पावाच्या दुकानात निभावतं.

कृष्णाकाठ:
बापरे. यातला "श्टुडिएनकोलेग" हा शब्द त्या माणसाने दीड तासात एकदाही उच्चारला नाही.

बेरकी:
उच्चारता येत नसेल.

रामदासी:
इंग्लिश मीडियमचे कोर्सेस असतात की तिकडे. त्यांना ही भानगड नसेल ना?

हॅनोवरकर:
असते. शिकवण्याची भाषा आणि प्रवेशपात्रता या दोन वेगळ्या गोष्टी. कोर्स इंग्लिशमध्ये असला तरी सरकारी विद्यापीठाला तुमची शालेय पात्रता पूर्ण लागतेच. इंग्लिश बॅचलर्स मुळात कमी, एफई झालेल्यांना किंवा ॲडव्हान्स्डवाल्यांना त्यांचा फायदा. मास्टर्सला इंग्लिश कोर्स भरपूर, म्हणून लोकांचा घोळ होतो. शेजाऱ्याचा मुलगा बीई करून एमएसला गेला आणि त्याला जर्मन लागली नाही, तर बारावीवालीलाही लागणार नाही असं वाटतं.

काही खाजगी संस्था बारावीवर घेतात हे खरं. पण तिथे शून्य फी नाही, चांगली घसघशीत फी असते. सेमिनारवाले "जर्मनीत फी नाही" हे सरकारी विद्यापीठाचं वाक्य सांगतात आणि ॲडमिशन भलतीकडेच करून देतात. ताई, त्यांना एवढंच विचारा : संस्थेचं नाव काय, आणि ती सरकारी की खाजगी?

गणितमास्तर:
मी ज्युनिअर कॉलेजात तीस-एक वर्षं गणित शिकवलं, आता निवृत्त. भाचीच्या निमित्ताने या सगळ्यात शिरलो होतो. कृष्णाकाठताई, तुमच्या पोस्टमधल्या एका शब्दावर कुणी बोललं नाही : बायफोकल.

आपल्याकडे कॉम्प्युटर सायन्स बायफोकल २०० मार्कांचा. तो घेतला की दुसरी भाषा जाते आणि बायॉलॉजीही जातं. राहतं काय? इंग्लिश, फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स आणि कॉम्प्युटरचे दोन पेपर. इथल्या सीईटीला त्याने काहीच बिघडत नाही. पण जर्मन बाजू गुणपत्रिकेत शैक्षणिक विषय किती आणि कुठले ते मोजते, व्यावसायिक विषय त्यात धरला जाईलच असं नाही. तेव्हा जिथे अर्ज करायचाय तिथल्या इंटरनॅशनल ऑफिसला अकरावीची गुणपत्रिका जोडून आत्ताच ईमेल करा : "या विषयांवर टी-कुर्सला पात्र धराल का?" उत्तर लेखी येऊ दे. फोनवर "हो हो" म्हणणाऱ्यावर जाऊ नका.

प्रवेश परीक्षेचं म्हणाल तर गणित आपल्या मुलांना जड नाही. अपूर्णांक, घातांक, लॉगॅरिदम, समीकरणं, थोडी त्रिकोणमिती. दहावी-अकरावीचंच. पण बऱ्याच ठिकाणी कॅल्क्युलेटर नसतो, वेळ कमी असतो आणि प्रश्न जर्मनमध्ये असतो. भाची गणितात ९० पार करणारी, पण "छेदाचं परिमेयीकरण करा" हे जर्मनमध्ये वाचून क्षणभर गप्प झाली होती. गणिताचे शब्द वेगळे पाठ करावे लागतात, क्लासात ते कुणी शिकवत नाही.

भाषेच्या पेपरात सी-टेस्ट नावाचा प्रकार असतो. उतारा देतात आणि ठरावीक अंतराने शब्दाचा मागचा अर्धा भाग खोडलेला असतो, तो तुम्ही भरायचा. मराठीत करून दाखवतो : "काल संध्या____ पाऊस आ____ म्हणून आ____ बाजारात गे____ नाही." आपल्याला हे डोळे मिटून जमतं कारण भाषा अंगात मुरलेली आहे. रट्टा मारून बी१ पास झालेला इथे पहिल्या ओळीत अडकतो. "डेर" की "डेम" ही नामाआधीची रूपं नुसती पाठ असून भागत नाही.

सायली_आखेन:
मी दुसऱ्या वाटेने आले, त्यामुळे हॅनोवरकरांच्या उत्तरात थोडी भर. पुण्यात मेकॅनिकलला ॲडमिशन घेतली, एफई पूर्ण केलं, संध्याकाळी रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जर्मन. माझ्या मते स्टेट बोर्डाच्या मुलीला हीच वाट बरी. हातात काहीतरी असतं. जर्मनीचं नाही जमलं तर एसईला (दुसऱ्या वर्षाला) बसायचं, वर्ष वाया नाही.

दोन अटी मात्र पाळायच्या. विद्यापीठ जर्मनांच्या आनाबिन या सरकारी डेटाबेसमध्ये 'एच प्लस', म्हणजे मान्यताप्राप्त, असलं पाहिजे. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ आहे. नव्या खाजगी विद्यापीठांचं ॲडमिशन घेण्याआधी बघा. आणि एफई म्हणजे सगळे विषय क्लिअर. एटीकेटी घेऊन एसईला गेलात तर इथल्या कॉलेजला चालतं, तिथे "यशस्वी वर्ष" दाखवताना अडतं.

हॅनोवरकर:
सायली, तू एक गोष्ट सांगितली नाहीस. थेट प्रवेशाला भाषेची पायरी केवढी उंच आहे ती. जर्मन माध्यमाच्या पदवीला डीएसएच-२ किंवा टेस्टडाफमध्ये चारही भागांत ४ (या दोन्ही जर्मन भाषेच्या परीक्षा). म्हणजे जवळपास सी१. श्टुडिएनकोलेगमध्ये तू बी१-बी२वर शिरतेस आणि वर्षभर रोज जर्मनमध्ये फिजिक्स ऐकत ऐकत सी१ला पोचतेस. पुण्यात एफईची सबमिशन्स, ओरल्स, जर्नल्स सांभाळून सी१ करणारे किती? तू केलंस, पण तुझ्याबरोबर क्लासला बसलेल्यांपैकी किती पोचले?

सायली_आखेन:
फार नाही, मान्य. बहुतेक बी१ला गळाले. पण श्टुडिएनकोलेगची दुसरी बाजूही सांग ना. अनेकदा नुसतं प्रवेश परीक्षेचं बोलावणं मिळतं. त्यावर व्हिसा काढायचा, ब्लॉक्ड अकाउंटमध्ये वर्षभराचा खर्च आधीच भरायचा, विमान पकडायचं आणि तिथे जाऊन सी-टेस्टमध्ये नापास व्हायचं. अठरा वर्षांचं पोर परक्या गावात पुढच्या सेमिस्टरची वाट बघत बसतं. शेवटची परीक्षाही नापास झाल्यास एकदाच पुन्हा देता येते. हे सगळं पेलणारी मुलं असतात, पण सगळी नसतात.

हॅनोवरकर:
म्हणून ज्यांची प्रवेश परीक्षा ऑनलाइन होते अशी कोलेग आधी शोधायची. आणि बी१ नव्हे, बी२ हातात असल्याशिवाय निघायचंच नाही. माझं म्हणणं एवढंच की भाषेला एक अख्खं वर्ष द्या. ते सांगलीत द्या, पुण्यात द्या, कुठेही द्या. एफईच्या फटीत बसवू नका.

सायली_आखेन:
आणि मी म्हणते, आपल्या घरांत "एक वर्ष नुसती भाषा शिकतेय" हे वाक्य पचत नाही. चार नातेवाईक येऊन "गॅप का घेतली" विचारतात. एफईचं आयकार्ड गळ्यात असलं की सगळे गप्प.

बेरकी:
+१. एफईचं आयकार्ड हे आपल्याकडचं निवासी परमिट आहे.

कृष्णाकाठ:
हसले, पण खरं आहे. सासूबाई आत्ताच विचारतात, "मग ती वर्षभर घरी बसणार का?"

टक्क्यांचं काय मग? ७८ पडले तर तिकडे ते कसे मोजतात?

गणितमास्तर:
याला सुधारित बव्हेरियन सूत्र म्हणतात. त्यांच्याकडे १ सर्वोत्तम आणि ४ म्हणजे जेमतेम पास. सर्वाधिक शक्य गुणांतून तुमचे गुण वजा करा, त्याला सर्वाधिक वजा पासिंगने भागा, ३ने गुणा, १ मिळवा. आपल्या बोर्डाचं पासिंग ३५. म्हणजे १०० वजा ७८, २२. १०० वजा ३५, ६५. २२ भागिले ६५ गुणिले ३, साधारण १.०, अधिक १. ग्रेड २.०. चांगली समजतात.

एफईच्या सीजीपीएलाही हेच. १०पैकी ७.६ आणि पासिंग ४ धरलं तर २.२. अर्थात पासिंग किती धरायचं हा शेवटी त्यांच्या कार्यालयाचा निर्णय.

श्टुडिएनकोलेगवाल्यांची बारावीची ग्रेड आणि शेवटच्या परीक्षेची ग्रेड यांची बऱ्याच ठिकाणी सरासरी काढतात. तेव्हा "पात्रता मिळाली, आता मार्कांचं काय" असं समजून बारावी सोडून देऊ नये.

नागपुरी_संत्री:
माझ्या मुलाला एमबीबीएस करायचं आहे जर्मनीत. एम-कुर्सची माहिती कुणी देईल का? तिकडे जायला 'नीट' परीक्षा नाही दिली तरी चालेल असं ऐकलं.

सायली_आखेन:
जर्मनीत 'नीट'चे मार्क विचारत नाहीत, बरोबर. पण मेडिकलच्या एकूण जागांपैकी युरोपीय संघाबाहेरच्यांना जेमतेम पाच टक्के, त्यामुळे ग्रेड १च्या आसपास लागते. आणि मुलगा परत येऊन भारतात प्रॅक्टिस करणार असेल तर थांबा. राष्ट्रीय वैद्यक आयोगाच्या २०२१च्या नियमांत परदेशी पदवी इंग्लिश माध्यमातून झालेली हवी अशी अट आहे. जर्मनीतलं सरकारी मेडिकल जर्मनमध्ये. कायम तिकडेच राहायचं असेल तर प्रश्न नाही, पण हे सतराव्या वर्षी कुणी ठरवतं का?

नागपुरी_संत्री:
हे कुणीच सांगितलं नव्हतं. धन्यवाद ताई.

मिरजेचा_सतारिया:
पैशाचं कुणी बोलेना म्हणून मी बोलतो. ब्लॉक्ड अकाउंट : सप्टेंबर २०२४ पासून वर्षाला ११,९०४ युरो, म्हणजे महिन्याला ९९२. बारा लाखांच्या आसपास एकरकमी दाखवायचे, तिथे गेल्यावर ते दरमहा तुम्हालाच मिळतात. खर्च नाही तो, पण उभे तर करावे लागतात. अर्ज यूनि-असिस्ट या अर्ज गोळा करणाऱ्या संस्थेमधून असेल तर पहिल्या विद्यापीठाला ७५ युरो, त्याच सेमिस्टरला पुढच्या प्रत्येकाला ३०.

शिवाय शून्य फी सगळीकडे राहिलेली नाही. बाडेन-व्युर्टेमबेर्गमध्ये २०१७ पासून आपल्यासारख्यांना सेमिस्टरला १,५०० युरो. म्युनिकच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीत २०२४-२५च्या हिवाळी सेमिस्टरपासून बॅचलर्सला २,००० किंवा ३,०००. बाकी बहुतेक ठिकाणी अजून नुसतं सेमिस्टरचं काही शे युरोंचं शुल्क.

कृष्णाकाठ:
तारखांचं गणित सांगा ना कुणीतरी. रिझल्ट मे महिन्यात.

हॅनोवरकर:
तिथेच गोची आहे. २०२४ला आपला निकाल २१ मेला लागला, २०२५ला ५ मेला. ऑनलाइन निकाल चालत नाही, कॉलेजातून गुणपत्रिका हातात यायला आणखी दिवस जातात. मग एपीएस, त्याला काही आठवडे. आणि हिवाळी सेमिस्टरची सर्वसाधारण मुदत १५ जुलै, काही श्टुडिएनकोलेगची त्याच्याही आधी. त्यात मुलीची भाषा ए१. ए१वरून बी१ला नेटाने केलं तरी वर्षभर लागतं. या जुलैचा नाद सोडा. बी२ नीट झालं तर पुढच्या वर्षीची हिवाळी धरा. १५ जानेवारीची उन्हाळी मुदतही असते, पण सगळी कोलेग उन्हाळ्यात प्रवेश देत नाहीत.

माहेर_वाई:
एक बारीकशी गोष्ट, पण आमचे यात फार हाल झाले. नाव! बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग मुलीचं नाव, मग वडिलांचं, आणि आईचं नाव वेगळ्या रकान्यात. पासपोर्टवर आडनाव वेगळं आणि नाव-वडिलांचं नाव एकत्र. आमच्याकडे भर म्हणून दहावीच्या गुणपत्रिकेत वडिलांच्या नावाचं स्पेलिंग एका 'ए'ने वेगळं. तपासणाऱ्याने हे दोन वेगळे लोक आहेत का असं विचारलं. बोर्डाकडून दुरुस्ती करून घ्यायला शाळेच्या जनरल रजिस्टरचा उतारा, मुख्याध्यापकांचं पत्र, आणि हेलपाटे. आजच दहावी, बारावीचा फॉर्म, आधार, पासपोर्ट शेजारी शेजारी ठेवून अक्षर न अक्षर ताडून बघा. बारावीच्या परीक्षेआधी कॉलेजातून यादी सहीला येते, तेव्हा मुलं न बघता सही करतात.

आणि पासपोर्ट नसेल तर आधी तो काढा.

सायली_आखेन:
हे फार महत्त्वाचं. एफईची वाट धरलीत तर आणखी एक : ॲडमिशनच्या वेळी कॉलेज एलसी आणि मूळ गुणपत्रिका जमा करून घेऊ बघतं आणि वर्षानंतर सोडताना "उरलेल्या वर्षांची फी भरा" म्हणतं. एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षण परिषदेच्या) नियमात मूळ कागदपत्रं अडवून ठेवता येत नाहीत आणि पुढच्या वर्षांची फीही मागता येत नाही. मोठ्याने न भांडता हे अर्जात लिहून द्यायचं आणि पोच घ्यायची.

बेरकी:
पोच घ्यायची! हे वाक्य सोन्याने मढवा.

कृष्णाकाठ:
सगळ्यांचे मनापासून आभार. मिस्टरांना धागा वाचायला दिला. त्यांनी कन्सल्टन्सीला फोन करून "सरकारी की खाजगी" विचारलं, तर "सर, तुम्ही ऑफिसला या, समोरासमोर बोलू". तो विषय संपला.

ठरलं असं : सीईटी द्यायची, सांगलीत किंवा पुण्यात मेकॅनिकल मिळेल तिथे एफई घ्यायचं, पण जर्मन रोज. पहिलं सेमिस्टर झालं की भाषा कुठवर आलीय ते बघून श्टुडिएनकोलेग की थेट ते ठरवू. हॅनोवरकर नाराज होतील.

हॅनोवरकर:
नाराज नाही. फक्त बी१ची परीक्षा दिवाळीपर्यंत देऊन टाका म्हणजे कुठल्या वाटेला लागायचं ते आपोआप कळेल.

अजून एक. मेकॅट्रॉनिक्स करायचं तर होखशूलं (पूर्वीची फाखहोखशूलं, प्रॅक्टिकलवर भर देणारी) बघा. त्यातली बरीच प्रवेशाआधी काही आठवड्यांचं फोरप्राक्टिकुम मागतात, म्हणजे कारखान्यात हाताने केलेलं काम. काही जण पहिल्या वर्षात पूर्ण करू देतात. बारावीनंतरच्या सुट्टीत होण्यासारखं आहे.

कृष्णाकाठ:
हे सोपं झालं की! भावाचं कुपवाड एमआयडीसीत मशिन शॉप आहे. लेथ, मिलिंग, ड्रिलिंग सगळं आहे. त्याचं पत्र चालेल का? मामाचं म्हणून संशय घेतील का?

हॅनोवरकर:
मामा आहे हे पत्रावर कुठे लिहिणार तुम्ही? पण काम खरंच करू दे, कारण कधीकधी रोजच्या कामाची वही मागतात. लेटरहेडवर इंग्लिशमध्ये : कंपनीचा पत्ता, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, आणि कुठल्या कामावर किती आठवडे. "टर्निंग दोन आठवडे, मिलिंग दोन, वेल्डिंग एक, असेंब्ली एक" असं फोड करून. नुसतं "ट्रेनिंग पूर्ण केलं" लिहिलेलं पत्र परत येतं. खाली सही, शिक्का. आणि विद्यापीठाच्या साइटवर फोरप्राक्टिकुमची नियमावली असते, ती आधी वाचून त्याप्रमाणे मामाकडून कामं करून घ्या. काहींना ऑफिसातलं काम अजिबात चालत नाही.

कृष्णाकाठ:
भावाला सांगितलं. म्हणाला, "परीक्षा संपली की दुसऱ्या दिवशी सकाळी आठला पाठव, सेफ्टी शूज घालून."